दादाची खाऱ्या पाण्याची टाकी

माझा दादा घाबरट आहे, हे गावभर सांगत फिरण्याचं काम लहानपणापासून मीच केलं. कुलूप लावून झालं की तो चार पावलं जायचा, परत यायचा आणि ओढून बघायचा. गॅसचं बटण तीनदा. चहा पिण्याआधी कपात डोकावायचा, जणू आत कोणी बसलंय. मी त्याला भागूबाई म्हणायचे आणि तो ऐकून घ्यायचा. मी धाकटी, तोंडाची फाटकी, राग कायम नाकाच्या शेंड्यावर. तो थोरला आणि स्वभावाने गोगलगाय. अशा माणसाला टोचून बोलायला काही अक्कल लागत नाही, आणि तेवढं मला जमत होतं. त्यापायीच एका दुपारी वहिनीचा जीव धोक्यात आला. आजही कुठे पाणी उकळण्याचा आवाज आला की मी आधी उठून गॅस बंद करते.

नोकरीसुद्धा दादाला साजेशी मिळाली होती. हॉस्पिटलच्या तळघरात हत्यारं निर्जंतुक करायची खोली असते, तिथे तो एकतीस वर्षं होता. ऑपरेशनला वापरलेल्या कात्र्या, चिमटे, सुऱ्या खाली यायच्या. तो त्या धुवायचा, पुसायचा, हिरव्या कापडात गुंडाळायचा आणि वाफेच्या मोठ्या यंत्रात लावायचा. आत ठेवलेल्या कागदी पट्टीवर काळ्या रेघा उमटल्या की हत्यारं शुद्ध झाली असं समजायचं. बाकीचे एक पट्टी बघायचे, दादा तीन बघायचा. वर डॉक्टर खोळंबलेले, खाली ह्याचं सावकाश चाललेलं. बोलणी खायचा, पण घाईने एक चिमटा वर पाठवायचा नाही. निवृत्त झाला तरी ती खोली त्याच्या अंगातून गेली नाही. घरात येईल ती वस्तू उकळत्या पाण्यातून निघायची. चमचे, कंगवे, फार काय, माझी कापड कापायची कात्रीसुद्धा. वाफेपुढे काही टिकत नाही, म्हणायचा.

मी वरच्या मजल्यावर राहते, लोकांच्या खिडक्यांचे पडदे शिवते. खाली दादा आणि वहिनी. वहिनी माझ्याच वयाची, म्हणून पहिल्या दिवसापासून आमचं अगं-तुगं. तिची छाती आधीपासून नाजूक, थोडी धूळ उडाली तरी खोकायची. त्यात दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि ती बैठकीच्या खोलीत एका खुर्चीला जखडली. समोर भिंत.

"ह्या भिंतीचे पोपडे मला तोंडपाठ झालेत," ती एकदा म्हणाली. "समोर काहीतरी हलणारं पाहिजे."

"टीव्ही हलतो की," मी म्हटलं.

"टीव्हीतली माणसं माझ्याकडे बघत नाहीत."

दादाने ते मनावर घेतलं. माशांची टाकी आणायची, आणि मोठी आणायची, पाच फुटी, म्हणजे खुर्चीतून मान न वळवता दिसेल. मग त्याची नेहमीची धाकधूक सुरू झाली. चारशे लिटर पाणी म्हणजे चारशे किलो, वर काच, वाळू, दगड. तळमजल्याची फरशी, तरी त्याने गवंडी बोलावून ती ठोकून घेतली.

माशांचं दुकान आमच्या रस्त्याच्या टोकाला आहे. आत निळा उजेड, पंपांची घरघर, आणि मालक सदानकदा कोपरापर्यंत ओला. त्याला आम्ही टाकीवाला म्हणतो. मी दादाबरोबर गेले होते, गंमत बघायला.

"मोठी घेताय ते बरं करताय," टाकीवाला म्हणाला. "नवख्या माणसाला मोठीच बरी. लहान टाकीतलं पाणी एका दिवसात बिघडतं. मोठीतलं बिघडायला वेळ घेतं, तोवर आपली चूक आपल्याला कळते. पण पहिल्यांदा गोडं पाणी घ्या. नळाचं पाणी, औषधाचे चार थेंब, महिनाभर नुसतं फिरवायचं आणि मग हळूहळू मासे. खाऱ्याचं तसं नसतं. मीठ मोजून कालवा, ते रोज तपासा. पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं, म्हणून वरून गोडं पाणी घालत राहा. आणि खाऱ्यात नुसते मासे नसतात. तिथे दगडसुद्धा जिवंत असतात."

दगड जिवंत म्हटल्यावर दादाच्या तोंडचं पाणी पळालं. मला हसू आवरेना.

घरी येऊन त्याने वही काढली, पानाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे गोड्या पाण्यात काय काय वाईट होऊ शकतं ते, उजवीकडे खाऱ्यात. डावीकडे सात गोष्टी झाल्या. उजवीकडे पान पुरेना, मागे लिहावं लागलं. गोडं पाणी ठरलं. ठरलं ते योग्यच होतं, हे मला आज कळतं.

पण टाकीवाल्याने दिलेल्या माहितीपत्रकात एक मासा होता, पिवळाधमक, ताटलीसारखा चपटा. वहिनी त्याच्यावरून बोट फिरवत म्हणाली, "हा दिवसभर बघत बसावासा वाटेल."

"तो खाऱ्यातला आहे गं," दादा म्हणाला.

"मग राहू द्या."

त्या ‘राहू द्या’ने माझं डोकं फिरलं. ती बाई चाळीस वर्षं प्रत्येक गोष्टीला राहू द्या म्हणत आली होती. मी दादाला म्हटलं, "बायकोसाठी एक मासा आणायची छाती नाही तुझी. एकतीस वर्षं चिमटे उकळलेस, आता पाणीही उकळून पी आणि पांघरूण घेऊन झोप."

त्याने वही मिटून कपाटात ठेवली. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन म्हणाला, "खारं द्या." मी जिंकले म्हणून दोन दिवस तोऱ्यात होते.

सव्वा महिना तो बादलीत मीठ कालवत होता. मापात दाण्याचा फरक नाही. टाकीत नुसतं पाणी आणि बुडबुडे, तेवढ्यावरच वहिनी खूश होती. मासे अजून यायचे होते. त्याआधी दगड. एके दिवशी टाकीवाल्याचा फोन आला की कोणी हौशी माणूस टाकी बंद करतोय, त्याच्याकडचा छान भरलेला दगड मिळतोय. दादा डोळे तपासायला गेला होता, म्हणून मी गेले.

बादलीत पाणी, पाण्यात नारळाएवढा दगड, आणि दगडभर हिरवी-तपकिरी बटणं, प्रत्येकाला बारीक झालर. शिवणारीच्या डोळ्यांना ती फार आवडली. मी हात घालणार तेवढ्यात टाकीवाल्याने माझं मनगट धरलं.

"ताई, हे जिवंत प्राणी आहेत. दिसायला गोड, पण अंगात विष असतं. पाण्यात गप बसलेत तोवर काही करत नाहीत, लोक हौसेने पाळतात. पण उघड्या हाताने धरायचं नाही, घासायचं नाही, आणि गरम पाणी तर चुकूनही लावायचं नाही. त्याची वाफ छातीत गेली तर माणूस दगावतो. दादांना नीट सांगा. की चिठ्ठी लिहून देऊ?"

"मी सांगते," मी म्हटलं.

बादली घेऊन निघाले तेव्हा मी खरंच घाबरले होते. दुकान ते घर दहा मिनिटं, मला अर्धा तास लागला. पाणी जरा हिंदकळलं की मी थांबायचे, थेंब चपलेवर पडला तर पाय झटकायचे. परत जावं असंही वाटलं. पण मग डोळ्यांसमोर दादा आला. विष हा शब्द कानावर पडला की तो हा दगड परत करणार, मीठ परत करणार, टाकी उलटी करून ठेवणार, आणि वहिनी पुन्हा पोपडे मोजत बसणार. त्याच्या भीतीचा मला इतका कंटाळा आला होता.

दारात दादा उभाच होता, हातमोजे चढवून. त्याला कोणी सांगावं लागत नाही. "काय म्हणाला तो?"

"काही नाही. हळूच ठेवा म्हणाला."

हातमोजे होतेच, म्हणजे निम्मं काम आपोआप झालं, अशी मी मनाची समजूत घातली. आणि टाकीतल्या दगडाला गरम पाणी कोण कशाला लावेल? मी, त्याची सख्खी बहीण, असा विचार केला. ज्याने माझी कात्री उकळली त्याच्याबद्दल.

आठ दिवस बरे गेले. वहिनी सकाळी किती बटणं उघडली ते मोजून मला वर हाक मारून सांगायची. मीही रोज खाली येऊन बघायचे, आणि रोज सांगायचं म्हणून यायचे आणि न सांगता वर जायचे. जितके दिवस गेले तितकं सांगणं अवघड झालं, कारण आता आधी का नाही सांगितलंस हा प्रश्नही आला असता.

नवव्या दिवशी मी एका गिऱ्हाइकाकडे खिडक्यांची मापं घ्यायला गेले होते. चारला परतले. दार उघडलं तर घरात करपलेल्या मिठाचा, शेवाळाचा वास. वहिनी खुर्चीत गोधडी लपेटून बसलेली, दात वाजत होते.

"तोंडात नाणं धरल्यासारखं लागतंय," ती म्हणाली. एवढं बोलायला तिला तीनदा श्वास घ्यावा लागला.

दादा पलंगाच्या कडेला वाकून खोकत होता, चेहरा राखेसारखा. "थंडी बाधली दोघांना," म्हणाला. "दुपारपासून."

मी पाणी आणायला स्वयंपाकघरात गेले. खिडक्या बंद. वाऱ्याने गॅस विझेल म्हणून तो त्या नेहमी बंद करतो. काचांवरून पाणी ओघळत होतं. शेगडीवर सगळ्यात मोठं पातेलं, त्यात तो दगड, पांढरा, बोडका, आणि काठाला करड्या फेसाचं कडं. मी ओट्याला धरून उभी राहिले आणि घशात मुंग्या यायला लागल्या तेव्हा कुठे भानावर आले. खिडक्या सताड उघडल्या. दोघांना ओढत बाहेर पायरीवर आणून बसवलं आणि गाडी बोलावली.

गाडीत दादा मला सगळं सांगत होता, मी न विचारता. सकाळी बटणं सगळी मिटलेली होती. मेली असं वाटलं. वर दगडाच्या भोकातून केसाळ किडा बाहेर आला, बोटभर लांब. दुकानाला सुट्टी. मेलेलं टाकीत कुजलं तर उद्या येणारा मासा मरेल. "म्हणून वीस मिनिटं चांगला उकळून घेतला, चिमे," तो खोकत म्हणाला. "आता काही भीती नाही." अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला तो चिमे म्हणतो. मी खिडकीबाहेर बघत राहिले.

हॉस्पिटल त्याचंच जुनं. लोक ओळखीचे, लगेच दोन खाटा मिळाल्या, शेजारी शेजारी. ड्युटीवरची डॉक्टर तरुण, केस वर बांधलेली, चटपटीत. ताप, थंडी, खोकला, दोघांना एकाच वेळी. "साथ चालू आहे," ती म्हणाली. तरी विचारलं, "घरात काही फवारलंय का? ॲसिड, फिनाइल, काही रसायन?"

"छे," दादा म्हणाला. "आमच्याकडे सगळं उकळून घेतो."

तिने ते लिहून घेतलं. मी तिच्यापासून दोन हातांवर उभी होते.

त्या वेळी मी बोलायला हवं होतं. नाही बोलले. समोर भिंतीवर घड्याळ होतं, म्हणून मला नक्की माहीत आहे, मी चाळीस मिनिटं बोलले नाही. साथच असेल, असं स्वतःला सांगत होते. बाटलीतलं औषध चढतंय, आता उतरेल ताप. आणि त्याखाली खरी भीती होती. वहिनी मरेल ही तर होतीच, पण ती मेली तर माझ्यामुळे मेली हे सगळ्यांना कळेल, ही जास्त होती. हे लिहायलाही लाज वाटते. जन्मभर ज्याला भागूबाई म्हटलं तो खाटेवर पडून बायकोचा हात धरून होता, आणि मी खांबाला टेकून घड्याळ बघत होते.

वहिनीच्या बोटाला चिमटा लावला होता, त्याचा आकडा यंत्रावर दिसायचा. आले तेव्हा त्र्याण्णव. मग एक्क्याण्णव. नर्सने ऑक्सिजन वाढवला. अठ्ठ्याऐंशी. वहिनीचे ओठ जांभळे पडायला लागले आणि डोळे मला शोधत होते. तिला काही म्हणायचं होतं. मास्क खाली करून ती म्हणाली, "बटणं... मेली का गं सगळी?"

मला वाटतं मी किंचाळले असेन, कारण सगळा वॉर्ड वळून बघायला लागला. "ते विष होतं. त्या दगडावर विष होतं. गरम पाणी लावायचं नाही म्हणून सांगितलं होतं मला. मी ह्याला सांगितलं नाही."

डॉक्टरने पेन खाली ठेवलं. तिने प्रश्न विचारले ते पटापट आणि थंड आवाजात, त्याबद्दल मी तिचे पाय धरायला तयार आहे. मी टाकीवाल्याला फोन लावून दिला, त्याने तिला त्या विषाचं नाव सांगितलं, तिने आणखी कुठेतरी फोन केला. ह्यावर उतारा नाही, असं फोन ठेवल्यावर ती म्हणाली. श्वास चालू ठेवायचा, हृदयावर नजर ठेवायची, एवढंच हातात आहे. पण आता काय सांभाळायचं ते कळलं, हेही म्हणाली. वहिनीला वर अतिदक्षता विभागात नेलं आणि घशात नळी घातली.

दादाच्या बाजूला बघायची माझी हिंमत नव्हती. त्यानेच विचारलं, पण डॉक्टरला.

"वाफेने मरत नाही ते?"

"नाही," ती म्हणाली. "वाफेबरोबर हवेत पसरतं."

तो आपल्या हातांकडे बघत बसला.

टाकीवाला त्याच संध्याकाळी तोंडाला मास्क बांधून आमच्या घरी गेला आणि ते पातेलं दगडासकट ब्लीचच्या पाण्यात बुडवून घेऊन गेला. दादा दुसऱ्या दिवशी उठून बसला. वहिनी तीन दिवस नळीवर. त्या तीन दिवसांत मी बाकावर बसून काय काय भ्यायले ते सांगून संपणार नाही. दरवाजा उघडला की भ्यायचे, बराच वेळ उघडला नाही तरी भ्यायचे. दादा शेजारी बसायचा आणि माझ्याशी एक अक्षर बोलायचा नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. चौथ्या दिवशी नळी काढली. वहिनीने पाणी मागितलं आणि दादा भिंतीकडे तोंड करून रडला.

ती आता घरी आहे. बाथरूमपर्यंत चालली तरी धाप लागते. थोडी सुधारेल, सगळी नाही, असं डॉक्टर म्हणतात.

मागच्या आठवड्यात दादाने टाकी धुऊन पुसून पुन्हा जागेवर बसवली. वहिनीला विचारलं. ती म्हणाली, गोडं पाणी घाला, हलणारं काही असलं की झालं. त्याने नळाला पाइप लावला आणि मला हाक मारली, दुसरं टोक टाकीत धरायला. महिन्याभरात त्याने मला घातलेली ती पहिली हाक. मी धरून उभी राहिले. पाणी चढत होतं आणि मला राहवेना.

"दादा, तुला तेव्हाच सांगणार होते रे. पण म्हटलं, तू घाबरशील."

तो टाकीच्या काचेचे सांधे बोटाने चाचपून बघत होता, कुठे पाझरतंय का ते. एक सांधा, मग दुसरा, मग पुन्हा पहिला.

"घाबरलो असतो," तो म्हणाला. "मी रोजच घाबरतो, चिमे. त्याने कोणाला काही होत नाही."